नाखवा काकांच्या तीन वायरी

आम्ही सागरदर्शनमध्ये राहायला आलो त्या दिवशी आमचं सामान अजून जिन्यातच पडलेलं होतं. समोरच्या दारातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. अंगात बनियन, कानावर पेन्सिलीच्या जागी छोटा स्क्रू ड्रायव्हर. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आमच्या खोक्यांवरून एक नजर फिरवली आणि मला म्हणाले,

"टीव्ही मागून जाड की सपाट?"

"सपाट," मी म्हटलं.

"अरेरे!" असं कळवळून म्हणाले आणि दार लावून घेतलं.

नंतर त्यांच्या सौभाग्यवती चहाचा ट्रे घेऊन आल्या. "त्यांचा कय मनावं घेव नको गो," म्हणाल्या. "माणूस बरा हाय." नवऱ्याची इतकी नेमकी ओळख मी त्याआधी कुणा बाईकडून ऐकली नव्हती.

हे आमचे दामोदर नाखवा काका. मूळचे ठाण्याच्या कोळीवाड्यातले. वाडवडिलांनी खाडीत जाळी टाकली आणि हे मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत मीटर आणि गेज सांभाळत रिटायर झाले. डोंबिवलीत ज्या इमारतीत आम्ही राहतो तिचं नाव सागरदर्शन असलं, तरी गच्चीवरून फार तर एमआयडीसीची चिमणी दिसते. काकांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना मुळात खिडकीबाहेर बघायचंच नसतं.

जगातल्या माणसांचे त्यांनी दोन गट केलेले आहेत. ज्यांच्या घरी मागून जाड टीव्ही आहे ते, आणि बाकीचे. खालच्या मजल्यावरचे दाते आजोबा गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. काका कोपऱ्यात हात जोडून अगदी शांत बसले होते. डोळे भरून आलेले. निघताना आजोबांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबांचा तो सेट आहे ना, तो टाकू नका. लाल गन फार चांगली आहे त्याची." मुलगा बिचारा 'बरं' म्हणाला. लाल गन म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी विचारलं, आणि तिथेच फसले. कारण काकांना कुणी काही विचारलं की ते पहिल्यापासून सांगतात.

तर पहिल्यापासून असं की, फार पूर्वी एक प्रकारचे घरगुती कॉम्प्युटर मिळायचे. दिसायला नुसता कीबोर्ड, आणि त्याच्याच पोटात सगळा कॉम्प्युटर. त्याला स्वतःचा पडदा नसायचा. घरातल्या टीव्हीला जोडायचा. प्रोग्रॅम साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर असायचे, आणि कॅसेट लावली की एखादा डबा पत्र्यावर घासावा तसा आवाज येऊन ते हळूहळू मशीनमध्ये चढायचे. असली मशीनं काकांकडे पलंगाखाली, कपाटावर आणि गणपतीच्या मखराच्या खोक्यातसुद्धा होती. त्यातलं एक खोडरबरासारख्या बटणांचं, काकांचं फार लाडकं. ती बटणं इतकी वापरलेली की वरची अक्षरं पुसून गेली होती.

एवढी मशीनं, पण त्यांना शोभेल असा रंगीत पडदा मात्र बरीच वर्षं मिळत नव्हता. मग कल्याणला लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी एडिट करणाऱ्या एका माणसाने दुकान बंद केलं आणि त्याच्या माळ्यावरचा जुना रंगीत मॉनिटर काकांच्या हाती लागला. तो त्यांनी शेअर रिक्षातून आणला. गोधडीत गुंडाळून मध्ये बसवला, एक हात त्याच्या खांद्यावर. तिसऱ्या सीटवरच्या बाईंनी सगळा पत्रीपूल ओलांडेपर्यंत दम धरला आणि शेवटी हळूच विचारलं, "पेशंट आहे का?" काका म्हणाले, "हो. पण बरा होईल."

या मॉनिटरची खासियत अशी की त्याच्या पाठीला लाल, हिरवा आणि निळा यांच्यासाठी तीन वेगवेगळी भोकं होती. तिन्ही रंग आपापल्या वायरीने यायचे, आतली ज्याची त्याची गन ते काचेवर मारायची आणि तिथे ते एकत्र व्हायचे; लाल गन म्हणजे त्यातली लालची. शिवाय चौथी एक वायर, सिंकची. ती चित्राला एका जागी उभं करते. ती नीट नसेल तर चित्र खालून वर पळत सुटतं. "आधी सिंक, मग रंग," काका सांगायचे. हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की ते कुठेही चालायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी इमारतीला कोणता कलर द्यायचा यावर बोलायला लागले की काका मागून म्हणायचे, "आधी सिंक!" माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा कसा आहे, दिसायला बरा आहे का, हे सगळे विचारत होते. काकांनी विचारलं, "सिंक आहे का?" नणंद म्हणाली, "आहे." काका म्हणाले, "मग झालं. रंग येतील मागाहून."

दुसरं लाडकं वाक्य, "सिग्नल खोटं बोलत नाही." चित्र चुकलं तर वायर बघा, सोल्डर बघा, स्वतःचं डोकं बघा. मशीनला दोष द्यायचा नाही.

जयवंती काकूंना या मॉनिटरचा एकच उपयोग ठाऊक होता. थंडीत त्याच्या डोक्यावर दही मस्त लागतं. काका बाथरूममध्ये गेले की त्या हळूच पातेलं ठेवायच्या. काका बाहेर आले की किंचाळायचे, "जयू, आत हजारो व्होल्ट आहेत!" काकू म्हणायच्या, "म्हनूनच घट लागते." मी डब्यातून ते दही घरी नेलेलं आहे. खरंच घट्ट लागायचं.

माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. घोडबंदर रोडला ऑफिस. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज इतका वेळ जातो की तेवढ्यात एखादी भाषा शिकून झाली असती. काकांना माझ्या नोकरीचं कौतुक होतं. लोकांच्या चुका काढायचं काम करते म्हणून मला 'टेस्टर मॅडम' म्हणायचे. आणि सवय म्हणा, स्वभाव म्हणा, एखादी गोष्ट जुळत नसली की मला चैन पडत नाही. काकांच्या बाबतीत एक गोष्ट जुळत नव्हती.

तिचं असं झालं. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला निघाली. बिल्डरशी करार झाले, घरं खाली करायचं ठरलं. नाखवा मंडळी नवी इमारत होईपर्यंत घोडबंदर रोडला लेकीकडे जाणार होती, एकोणिसाव्या मजल्यावर. लेकीने स्पष्ट सांगितलं होतं, आईबाबा या, डबडी आणू नका. निकाल काकूंनी दिला.

"मना माझा मोर एकदा रंगीत दाखवा," त्या म्हणाल्या. "मंग सगला भंगारात द्या, मी अडवनार नाय. पर मोर बगल्याबिगर मी या घरातशी हालनार नाय."

हा मोर काय प्रकार आहे ते मला काकूंनीच सांगितलं. त्या कोळीवाड्यात नवीन लग्न होऊन आलेल्या. रांगोळीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरात हा रबरी बटणांचा कॉम्प्युटर आलेला. काका कंपनीत गेले की दुपारी घरात त्या आणि ते मशीन. काकांनी थोडं शिकवलं, बाकीचं त्या स्वतः शिकल्या. चौकटीच्या कागदावर ठिपके मोजून त्यांनी एक रांगोळी काढली आणि ती ओळीओळीने मशीनमध्ये उतरवली. मधोमध मोर, फुललेला पिसारा, चारी कोपऱ्यांत कमळं, भोवती झेंडूच्या माळेची झालर. मशीनला रंग नंबराने सांगायचे असतात. ते नंबर काकांनी शिकवले होते आणि काकूंना ते पाठ होते.

गंमत अशी की घरात टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट. बाईने अख्खी रंगीत रांगोळी करड्या रंगात बसवली. एकदाच काय तो तो मोर रंगीत पडद्यावर गेला. ठाण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये असल्या हौशी लोकांचा मेळावा होता, तिथे काका मशीन आणि कॅसेट घेऊन गेले. लेकीला गोवर आलेला, त्यामुळे काकू घरीच. काका परत आले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"मना म्हनाले, मोर निलाशार दिसला," काकू सांगत होत्या. "पिसारा हिरवा, कमला लाल, झालर पिवली. लोक बगतच राह्यले म्हने." हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. हा मोर त्यांनी सगळ्या कोळीवाड्याला सांगितला होता, माहेरी सांगितला होता, आणि डोंबिवलीत आल्यावर आम्हाला. पुढे घरात रंगीत टीव्ही आला तोवर मशीन बंद पडलं होतं, आणि ते चालू झालं तोवर टीव्ही सपाट झाले होते.

आता मशीन चालू होतं. रंगीत मॉनिटर होता. कॅसेट धडधाकट होती. काकांसारखा माणूस होता, जो बंद गेज नुसतं कानाला लावून दुरुस्त करतो. मग मोर दिसत का नव्हता? काकूंनी विचारलं की काका म्हणायचे, "अजून रंग जुळले नाहीत." गणपती झाले, दिवाळी झाली. वरच्या मजल्यावरचे लोक घर खाली करून गेले. काकांचे रंग जुळेनात.

"काका, मी लॅपटॉपवर पाच मिनिटांत दाखवते," मी एकदा म्हटलं. "त्या जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर असतं. कॅसेटचा आवाज आत घेतला की झालं."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची किडनी मागितली. मग म्हणाले, "लॅपटॉपला वायर कुठे आहे?"

हे उत्तर काही माझ्या प्रश्नाचं नव्हतं. ते डोक्यात घेऊन मी बरेच दिवस शीळफाट्यावर अडकत राहिले.

एका रविवारी सकाळी मी दह्याचा डबा परत द्यायला गेले. रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात दोन नारळाच्या वड्या. काकू बाजारात मासळी आणायला गेल्या होत्या. दार उघडंच होतं आणि आत कॅसेटची ती किरकिर चालू होती, त्यामुळे काकांना माझी चाहूल लागली नाही. मी आत पाऊल टाकलं आणि मॉनिटरवर रांगोळी.

ठसठशीत, स्वच्छ, एका जागी उभी. जरा थरथर नाही. फक्त मोर होता हिरवागार. पिसारा लालभडक. कमळं निळी आणि झालर जांभळट गुलाबी. मोरापेक्षा पोपटाच्या जवळचा.

"अय्या काका, लागला की!" मी ओरडले.

काकांनी झटकन अंगावरचा पंचा काढून मॉनिटरवर टाकला. उघड्या नवऱ्याला बायको झाकते तसा.

"रंग जुळले नाहीत," ते म्हणाले.

मी मागे जाऊन पाहिलं. लाल वायर लाल भोकात, हिरवी हिरव्यात, निळी निळ्यात. पडद्यावरची पांढरी अक्षरं स्वच्छ पांढरी. "काका, वायरी तर सगळ्या बरोबर आहेत. मशीन जे पाठवतंय तेच दिसतंय. सिग्नल खोटं बोलत नाही, तुम्हीच म्हणता."

काका खुर्चीत बसले. स्क्रू ड्रायव्हर कानावरून काढला, हातात फिरवला.

"सिग्नल नाही बोलत गं," ते म्हणाले. "मी बोललो."

मग सगळं बाहेर आलं. काका रंगांचे नंबर शिकले होते कंपनीतल्या एका मशीनवर. तिथे एक म्हणजे लाल, दोन हिरवा, तीन पिवळा, चार निळा. तेच त्यांनी काकूंना शिकवले. पण घरी आणलेलं मशीन दुसऱ्या जातीचं, सेकंडहँड, सोबत पुस्तिका नाही. त्याच्यात एक म्हणजे निळा, दोन लाल, तीन जांभळट, चार हिरवा. ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीवर कुणाला काय कळणार? कळलं ते मेळाव्यात, चारचौघांत, रंगीत पडद्यावर. लोक बघतच राहिले हे खरं होतं. हसत राहिले, एवढंच काकांनी घरी सांगितलं नव्हतं.

"दारात उभी होती," काका म्हणाले. "कडेवर तापलेली पोर. मला विचारते, कसा दिसला? आता काय सांगू? महिनोन्‌महिने ठिपके मोजलेले तिने. चूक तिची एका अक्षराची नाही. सगळी माझी. मी म्हटलं, निळाशार."

"मग प्रोग्रॅममधले नंबर बदलायचे ना! चारच्या जागी एक. पाच मिनिटांचं काम आहे."

"तिला एकेक ओळ आरतीसारखी पाठ आहे. स्क्रीनवर ओळी आल्या की पहिल्या वाचनात पकडेल." काकांनी स्क्रू ड्रायव्हर परत कानावर ठेवला. "आणि पकडणार नसती तरी नाही. तिने जे लिहिलं ते बरोबरच लिहिलंय. तिच्या लिखाणात मी का हात घालू? दुरुस्ती करायची तर वायरीत करायची."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लॅपटॉपला वायर कुठे आहे, याचा अर्थ तेव्हा कळला. हा माणूस इतके दिवस चित्र बरोबर लावायला धडपडत नव्हता. बरोबर तर ते पहिल्याच दिवशी लागलं होतं. काका ते चुकवायला बसले होते, आणि नेमकं हवं तसं चुकत नव्हतं. जुन्या प्लगमध्ये सोल्डर करून वायरींची अदलाबदल करायला गेलं की सिंक ढिली पडायची आणि मोर खालून वर पळायला लागायचा. शिवाय मागे बसून सोल्डर करताना पुढचा पडदा दिसायचा नाही. मी डबा बाजूला ठेवला, बॅटरी धरली आणि म्हटलं, "चला."

काका सोल्डर करायचे, मी पडद्यावर बघून रंग ओरडायचे. आधी हिरवी आणि निळी वायर एकमेकींच्या जागी घातली. मोर एकदम निळा झाला, झालर पिवळी झाली. मी टाळ्या वाजवल्या. पण पिसारा लालच राहिला आणि कमळं हिरवी. "अर्धा हंडा भरला," काका म्हणाले. मग तिन्ही वायरी एकेक घर सरकवल्या. हिरवी निळ्याच्या घरात, लाल हिरव्याच्या, निळी लालच्या. एकही वायर स्वतःच्या घरी राहिली नाही. चित्र दोनदा पळालं, एकदा तिरकं झालं, आणि मग जागेवर आलं. निळा मोर. हिरवा पिसारा. लाल कमळं. पिवळीधमक झालर. काकांनी लगेच मॉनिटर बंद केला. "आपण नाही बघायचं आधी," म्हणाले. मला त्यांचं हे म्हणणं फार आवडलं.

संध्याकाळी मला बोलावणं आलं. काकूंनी केस विंचरून अंबाडा घातला होता आणि त्यात अबोलीचा गजरा. लग्नाला निघाल्यासारखी जरीच्या काठाची साडी. काकांनी पडदे ओढले, कॅसेट लावली. ती किरकिर ऐकून काकूंनी डोळे मिटले. "हा आवाज," म्हणाल्या.

ते जुनं मशीन चित्र एकदम दाखवत नाही. ओळीओळीने काढतं. आधी ठिपके उमटले. काकू पुटपुटत होत्या, पुढची ओळ पडद्यावर यायच्या आधी त्यांच्या ओठांवर यायची. मग मोराची मान आली, निळी. पोट आलं. पिसारा एकेक पीस करत हिरवा फुलला. चारी कोपऱ्यांत कमळं लाल झाली आणि शेवटी झालर भरत गेली, पिवळी, सगळीकडून. मी काकांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. काकूंकडे बघत होते.

"सांगितलेलात तसाच हाय," काकू म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मलाही रडू फुटलं.

मग काकू खुर्ची ओढून मशीनपुढे बसल्या. "डोला राह्यलेला," म्हणाल्या. "पोर रडाय लागली तवा डोला पांढराच ठेवलेला मी." अक्षरं पुसलेल्या त्या रबरी बटणांवर त्यांनी दोन बोटांनी एक ओळ लिहिली, कुठेही न अडखळता. शेवटी थांबल्या आणि मान वळवून काकांना विचारलं, "तीन म्हंजे पिवला ना वो?"

"तीन म्हणजे पिवळा," काका म्हणाले.

काकूंनी तीन दाबला. मोराच्या डोळ्यात पिवळा ठिपका चमकला.

"बग!" काकू मला म्हणाल्या. "एवरी वर्सा झाली, पर नंबर ईसरली नाय. यांनी शिकवलेला कदी म्हंजे कदी चुकला नाय."

काका उठले. पाणी पिऊन येतो म्हणाले आणि आत गेले. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ बंदच झाला नाही.

काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पदराने मॉनिटरची काच अलगद पुसली. "लेकीला फोन लाव गो," मला म्हणाल्या. "सांग, ह्यो डबा आमच्याबरोबर येनार हाय."